जनुकीय तपासणीआधी गाठीच्या तुकड्याकडे लक्ष द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कर्करोगाच्या गाठीच्या जनुकीय तपासणीविषयी आपल्या दैनिकाच्या आरोग्य पानावर अलीकडे आलेला मजकूर वाचला. या तपासणीमुळे प्रत्येक रुग्णाला त्याच्या गाठीप्रमाणे औषध देता येईल, असा त्याचा एकंदर सूर होता आणि तो चुकीचा नाही. मात्र नाशिकमध्ये पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून उभी हयात घालवल्यामुळे, त्यात न आलेली एक बाब मांडावीशी वाटते. तपासणीचे यंत्र मुंबईत असो, बंगळुरूला असो की गुरुग्रामला, त्यात जाणारा गाठीचा तुकडा आपल्याच जिल्ह्यातल्या एखाद्या शस्त्रक्रियागृहात काढला जातो, आपल्याच इथल्या बाटलीत ठेवला जातो आणि आपल्याच इथल्या मेणाच्या ठोकळ्यात बंद होतो. पहिल्या दोन दिवसांत त्या तुकड्याची निगा राखली गेली नाही, किंवा नेमके काय शोधायचे हे न ठरवताच तो पाठवला गेला, तर लाखभर रुपये खर्चूनही हाती काही लागत नाही.

आधी या तपासणीचे मर्म थोडक्यात सांगते. पेशीने कधी वाढायचे, कधी थांबायचे आणि कधी मरायचे हे ठरवणाऱ्या जनुकांत बिघाड झाला की ती बेबंद वाढू लागते. हे बिघाड बहुतेक वेळा जन्मतः नसतात. तंबाखू, वाढते वय, काही विषाणू, तर कधी निव्वळ योगायोग, अशा कारणांनी ते आयुष्याच्या ओघात एखाद्या अवयवातील पेशींत साठत जातात. म्हणूनच एकाच अवयवातल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली सारख्याच दिसणाऱ्या दोन गाठींमागचा बिघाड वेगळा असू शकतो, आणि एकीवर गुणकारी ठरलेले औषध दुसरीवर मुळीच लागू पडत नाही. पिंपळगाव-निफाडकडच्या द्राक्ष बागायतदाराला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही, कारण शेजारच्या बागेला मानवलेला खताचा डोस तो देठ परीक्षणाचा (पानाच्या देठातील अन्नद्रव्यांच्या तपासणीचा) अहवाल पाहिल्याखेरीज आपल्या बागेला देत नाही. आणि देठ चुकीच्या वेळी किंवा चुकीच्या जागचा तोडला तर तो अहवाल कुचकामी ठरतो, हेही त्याला पक्के ठाऊक असते.

या विचाराचे सर्वांत लख्ख यश रक्ताच्या एका कर्करोगात दिसले. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र असते, हे 1960 मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फियात लक्षात आले. ते नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन बनते, हे जॅनेट रोली यांनी 1973 मध्ये दाखवले. आणि त्या अदलाबदलीतून तयार होणाऱ्या प्रथिनाला नेमके रोखणारी इमॅटिनिब ही गोळी 2001 मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. जो आजार काही वर्षांत रुग्णाला नेत असे, तो रोजच्या गोळीवर वर्षानुवर्षे आटोक्यात राहू लागला. ही गोळी भारतात सामान्य माणसाच्या आवाक्यात राहिली, यात 1 एप्रिल 2013 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचाही वाटा आहे. त्या निकालाने मूळ कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला आणि देशी कंपन्यांच्या गोळ्यांचा मार्ग मोकळा राहिला. स्तनाच्या कर्करोगात साधारण 15 ते 20 टक्के गाठींमध्ये एचईआर-2 हे जनुक प्रमाणाबाहेर वाढलेले असते आणि अशा रुग्णांसाठी ट्रॅस्टुझुमॅब हे इंजेक्शन 1998 पासून वापरात आहे. ही दोन्ही उदाहरणे आता जुनी झाली, पण त्यांतली शिस्त आजही तीच आहे: आधी बिघाड पाहायचा आणि मग औषध लिहायचे.

फुप्फुसाच्या कर्करोगाबद्दल जरा विस्ताराने लिहिते, कारण आपल्याकडे या तपासणीचा उपयोग तिथे फार मोठा आहे आणि घोळही तिथेच जास्त होतो. भारतातील फुप्फुसाच्या अडिनोकार्सिनोमाच्या (ग्रंथीच्या पेशींतून होणाऱ्या प्रकाराच्या) रुग्णांपैकी साधारण पाव ते एक तृतीयांश जणांच्या गाठीत ईजीएफआर या जनुकात बदल आढळतो. कधीही विडी-सिगारेटला हात न लावलेल्या रुग्णांमध्ये, त्यातही बायकांमध्ये, हे प्रमाण अधिक असते. (अशा बायकांना खोकला आणि एक्स-रेवरचा डाग पाहून क्षयाची औषधे सुरू होतात आणि त्यात मोलाचे महिने जातात, ही आपल्याकडची जुनीच व्यथा आहे, तिच्यावर वेगळे पत्र लिहावे लागेल.) ईजीएफआरचा नेहमीचा बदल सापडला, तर रुग्णाला घरी राहून घेता येणारी गोळी देता येते. बदल कोणता, यालाही महत्त्व आहे, कारण त्याच जनुकाच्या विसाव्या भागात भर पडलेली असेल तर जुनी गेफिटिनिबची गोळी बहुधा उपयोगी पडत नाही. याखेरीज एएलके, आरओएस-1 अशा जनुकांची फेरजुळणी थोड्या रुग्णांत असते, आणि तिच्यावरही गोळ्या उपलब्ध आहेत.

आता या माहितीचे मोल पाहा. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉक्टरांनी ईजीएफआरचा बदल असलेल्या 350 रुग्णांचा अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध केला. निम्म्या रुग्णांना नुसती गेफिटिनिब दिली होती आणि निम्म्यांना तिच्या जोडीला नेहमीची केमोथेरपी. नुसत्या गोळीवर आजार साधारण आठ महिने आटोक्यात राहिला, तर जोडउपचारावर सोळा महिने. अर्थात दुष्परिणामही जोडउपचारात जास्त होते. गोळी जुनी, केमोही जुनीच. परंतु कोणाला काय द्यायचे हे जनुकाने ठरवल्यामुळे फरक पडला. महागड्या नव्या औषधाखेरीज काही होतच नाही, असे मानणाऱ्यांनी हा अभ्यास जरूर पाहावा.

घोळ होतो तो वेळेचा. जनुकीय अहवाल यायला दोन-तीन आठवडे लागतात. घरचे लोक हवालदिल झालेले असतात, ‘डॉक्टर, काहीतरी सुरू करा’ असा त्यांचा धोशा असतो, आणि कधी कधी अहवाल हातात येण्याआधीच इम्युनोथेरपीचे (शरीराची प्रतिकारशक्ती गाठीविरुद्ध जागवणारे) इंजेक्शन दिले जाते. पुढे ईजीएफआरचा बदल सापडला आणि ओसिमर्टिनिबसारखी गोळी सुरू करायची ठरले, तर आधी दिलेल्या इंजेक्शनामुळे फुप्फुसाला गंभीर सूज येण्याचा धोका वाढतो, हे आता नीट नोंदले गेले आहे. रुग्णाची प्रकृती थांबण्याजोगी नसेल तर तज्ज्ञ साधी केमो सुरू करून अहवालाची वाट पाहतात. म्हणून तपासणीचा निर्णय पहिल्या बायोप्सीबरोबरच व्हायला हवा, पहिला उपचार फसल्यानंतर नव्हे.

‘हे औषध देऊ नका’ असे सांगणारा अहवालही तितकाच उपयोगाचा असतो, पण तसा अहवाल आला की पैसे वाया गेले असे नातेवाइकांना वाटते. मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगात साधारण 40 टक्के रुग्णांच्या गाठीत केआरएएस या जनुकात बदल असतो आणि अशांना सेटुक्सिमॅबसारखी महागडी इंजेक्शने लागू पडत नाहीत, हे 2008 च्या सुमारास स्पष्ट झाले. ती तपासणी केली नाही तर रुग्ण पैसेही घालवतो आणि अंगावर पुरळ, जुलाब हे त्रासही सोसतो. स्तनाच्या कर्करोगातही असेच आहे. हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या, काखेतील गाठींपर्यंत न पोहोचलेल्या आजारात 21 जनुकांच्या चाचणीचा गुणांक मध्यम आला, तर बहुतेक स्त्रियांना केमोचा जास्तीचा फायदा होत नाही, असे दहा हजारांहून अधिक स्त्रियांच्या एका मोठ्या अभ्यासाने 2018 मध्ये दाखवले. पन्नाशीच्या आतील काही स्त्रिया मात्र त्याला अपवाद ठरल्या. केस गळणे, उलट्या, कामावरच्या रजा हे सगळे टळणे हासुद्धा या तपासणीचा फायदाच मानला पाहिजे.

या यशाबरोबर मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत, आणि मला वाटते, आपल्या पानावरील मजकुरात त्याच राहून गेल्या. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण आपल्या जिल्ह्यात कमी नाहीत. तंबाखूमुळे होणाऱ्या या गाठींत जनुकीय बदल भरपूर सापडतात, त्यातही टीपी-53 या जनुकातला बदल अगदी सर्रास. पण त्या बदलावर नेम धरणारे आणि नित्याच्या वापरात असलेले औषध आज उपलब्ध नाही. अशा रुग्णाने पहिल्याच टप्प्यावर मोठे पॅनेल, म्हणजे एकाच वेळी शेकडो जनुके पाहणारी चाचणी, करून घेतले, तर बहुतेक वेळा हाती जाडजूड अहवाल येतो आणि उपचार मात्र तेच राहतात: वेळेवर आणि नीट केलेली शस्त्रक्रिया, गरजेप्रमाणे किरणोपचार आणि केमो. तपासणीसाठी उसने काढलेले पैसे किरणोपचाराच्या काळात शहरात राहण्याखाण्यासाठी जास्त कामी आले असते, असे अशा घरांकडे पाहून वाटते.

शिवाय एकच बदल वेगवेगळ्या अवयवांत वेगळा वागतो. बीआरएएफ या जनुकातील एक विशिष्ट बदल त्वचेच्या मेलॅनोमात सापडला, तर त्यावरच्या गोळीने गाठी झपाट्याने लहान होतात. हाच बदल मोठ्या आतड्याच्या गाठीत असेल, तर ती गोळी एकटी फारसे काही करू शकत नाही, कारण तिथल्या पेशी दुसऱ्या वाटेने वाढीचा निरोप चालू ठेवतात. फ्रान्समध्ये झालेल्या एका अभ्यासात नेहमीचे उपचार संपलेल्या निरनिराळ्या कर्करोगांच्या रुग्णांना केवळ जनुकीय अहवालावरून, मंजुरीच्या चौकटीबाहेरची औषधे देऊन पाहिली. त्यांचा आजार साधारण 2.3 महिने आटोक्यात राहिला, तर डॉक्टरांच्या नेहमीच्या निवडीवर 2 महिने, म्हणजे फरक नगण्यच. तो अभ्यास 2015 चा आहे आणि त्यानंतर औषधे वाढली आहेत, हे मान्य. तरीही 2018 मध्ये अमेरिकेतील पसरलेल्या कर्करोगाच्या रुग्णांबाबत झालेल्या हिशोबात, जनुकावर बेतलेल्या औषधाला पात्र ठरणारे रुग्ण सुमारे 8 टक्के आणि प्रत्यक्ष फायदा होणारे सुमारे 5 टक्के निघाले. ज्यांना फायदा होतो त्यांना तो भरघोस होतो. पण कोणत्या कर्करोगात तो होण्याची शक्यता आहे, हे आधी पाहायला हवे. पाचशे जनुकांचे पॅनेल पाच जनुकांच्या चाचणीपेक्षा शंभरपट चांगले, असा समज जाहिरात वाचून होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात आतड्याच्या कर्करोगात चार प्रथिनांची साधी आयएचसी (काप रंगवून त्यातील प्रथिने ओळखण्याची) चाचणी रुग्णाला इम्युनोथेरपीचा उपयोग होईल का, याचा पुष्कळसा अंदाज देते. आणि ती इथल्याच प्रयोगशाळेत, मोठ्या पॅनेलच्या तुलनेत किरकोळ खर्चात होऊ शकते.

आता माझ्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे, म्हणजे तुकड्याकडे येते. शरीरातून बाहेर पडल्या क्षणापासून गाठीतील पेशी आतल्या आत विरघळू लागतात. त्यांना आहे त्या स्थितीत थोपवण्यासाठी दहा टक्क्यांचे, बफर घातलेले फॉर्मालिन लागते. बाजारात मिळणाऱ्या तीव्र फॉर्मालिनचा एक भाग आणि नऊ भाग पाणी, त्यात आम्लता रोखणारे क्षार. द्रावण तुकड्याच्या किमान दहापट असावे आणि तुकडा त्यात सहा तासांपेक्षा कमी व बहात्तर तासांपेक्षा जास्त राहू नये, असा एचईआर-2 तपासणीसाठीचा जगभर मानला जाणारा दंडक आहे. डीएनएसाठीही तो चांगलाच आहे. प्रत्यक्षात काय होते? छोट्या इस्पितळातून येणाऱ्या बाटल्यांत मी कधी नुसते सलाइन पाहिले आहे, कधी स्पिरिट, तर कधी पाणी न घालता तसेच ओतलेले तीव्र फॉर्मालिन. औषधाच्या अरुंद तोंडाच्या बाटलीत कोंबलेला तुकडा टणक झाल्यावर बाहेर निघत नाही, मग बाटली फोडावी लागते. शस्त्रक्रियेत काढलेला अख्खा स्तन बादलीत तसाच बुडवून ठेवला, तर फॉर्मालिन तासाला जेमतेम एक मिलिमीटर या गतीने आत शिरते. बाहेरून टणक आणि आत मधोमध असलेली गाठ मात्र कुजलेली, असा तो नमुना शनिवारी दुपारची शस्त्रक्रिया झाली की सोमवारी आमच्या टेबलावर येत असे. त्याला वेळेवर उभे काप दिले असते, तर हे टळले असते.

जुने आम्लयुक्त फॉर्मालिन डीएनएचे तुकडे करते आणि त्यातील अक्षरांत असे खोटे बदल घडवते, की जे गाठीत मुळात नव्हतेच. हाडाच्या बायोप्सीचे आणखी वेगळे. हाड कापता यावे म्हणून ते तीव्र आम्लात ठेवून मऊ करण्याची जुनी पद्धत आहे. तिने सूक्ष्मदर्शकाखालचे चित्र बऱ्यापैकी टिकते, पण डीएनए पार नष्ट होतो. जनुकीय तपासणीची शक्यता असेल तर ते काम ईडीटीए या सौम्य रसायनाने सावकाश करावे लागते. या गोष्टी पाठ्यपुस्तकात आहेत, महागही नाहीत. फक्त बाटली भरणाऱ्या वॉर्डबॉयला आणि सिस्टरला त्या कोणी सांगितलेल्या नसतात.

पुढचा टप्पा मेणाच्या ठोकळ्याचा, ज्याला आम्ही ब्लॉक म्हणतो. फुप्फुसातून सुईने काढलेला तुकडा शेवयाच्या काडीएवढा असतो. निदानासाठी त्यातून एकेक काप घेत आयएचसीच्या एकामागून एक चाचण्या केल्या की जनुकीय तपासणीसाठी काही उरतच नाही, आणि आधीच धाप लागलेल्या रुग्णाला पुन्हा सुई टोचून घ्यावी लागते. मायक्रोटोमवर (काप काढण्याच्या यंत्रावर) ब्लॉक चढवला की दर वेळी तो समपातळीत आणताना थोडा भाग वाया जातो. म्हणून पहिल्याच बैठकीत न रंगवलेले जास्तीचे काप काढून ठेवणे हा यावरचा उपाय आहे. काप तीन-चार मायक्रॉन जाडीचे असतात, त्यामुळे शिस्तीने काम केले तर एवढ्याशा तुकड्यातूनही पुष्कळ निघतात. शिवाय कापात गाठीच्या पेशी किमान 20 टक्के तरी असाव्या लागतात. म्हणून पॅथॉलॉजिस्ट काचपट्टीवर पेनाने गोल करून देतात आणि तेवढाच भाग खरवडून डीएनए काढला जातो. ते वर्तुळ काढणारा डोळा हा या सगळ्या तपासणीतला सर्वांत दुर्मीळ भाग आहे, असे माझे मत आहे.

ब्लॉक ही रुग्णाची ठेव आहे, हे आपल्याकडे रुजलेले नाही. ‘टाटाला दाखवायचे आहे’ म्हणून नातेवाईक ब्लॉक मागायला येतात, पंचवटी एक्स्प्रेस गाठायची घाई असते, आणि ब्लॉक रुमालात किंवा गुटख्याच्या पुडीसारख्या पिशवीत बांधून दिले-घेतले जातात. सुरगाण्याकडचा एक मुलगा आपल्या आईचे ब्लॉक घेऊन आमच्याकडे परत आला होता. ऐन मे महिन्यात ते जीपच्या काचेपाशी राहिले होते आणि मेण पाघळून दोन ब्लॉक एकमेकांना चिकटले होते. कोणता स्तनाचा आणि कोणता काखेतील गाठीचा, हे आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी खालच्या प्लॅस्टिकच्या कॅसेटवरील क्रमांकावरून ओळखले, पुन्हा मेणात बसवले, आणि त्यातून काप निघाले म्हणून निभावले. पॅराफिन साधारण 56 ते 60 अंशांना वितळते आणि उन्हात उभ्या गाडीच्या काचेखाली तेवढे तापमान सहज होते. ब्लॉक देताना क्रमांक लिहिलेली पावती, कडक डबी आणि ‘उन्हात ठेवू नये’ एवढी चिठ्ठी दिली तरी पुरते.

रक्तातून गाठीचे डीएनए शोधण्याची सोय आता झाली आहे आणि तुकडा पुरेसा नसेल किंवा पुन्हा काढता येत नसेल, तेव्हा ती फार कामाची ठरते. ईजीएफआरवरील जुन्या गोळीला दाद देईनाशी झालेली गाठ कोणता नवा बदल घेऊन बसली आहे, हे पाहायला तर रक्त सोयीचेच. पण रक्तात काही सापडले नाही म्हणजे गाठीत बदल नाही, असे ठरत नाही. गाठ रक्तात पुरेसा डीएनए सोडतच नसेल, तर चाचणीला तो दिसणार कसा? तेव्हा रक्ताच्या चाचणीमुळे ब्लॉकची गरज संपली, असे कोणी सांगितले तर त्यावर विसंबू नये.

एका नाजूक बाबीकडे लक्ष वेधणे भाग आहे. साधारण 5 ते 10 टक्के कर्करोगांमागे आईवडिलांकडून आलेला जनुकीय बदल असतो. स्तन आणि बीजाशयाच्या कर्करोगात बीआरसीए-1 किंवा बीआरसीए-2 मध्ये असा बदल सापडला, तर ओलॅपारिबसारखी औषधे देता येतात, म्हणजे रुग्णाचा थेट फायदा आहे. परंतु गाठीच्या तपासणीत दिसलेला बदल गाठीपुरताच आहे की जन्मतः आहे, हे रक्ताची स्वतंत्र तपासणी करूनच ठरते. तो जन्मतः असेल तर भावंडांचा आणि मुलांचा प्रश्न उभा राहतो, कारण प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते, आणि मुलग्यांनाही ती मुलींइतकीच असते. आपल्याकडे अशा अहवालाची पहिली भीती मुलीच्या लग्नाची असते, म्हणून तो कपाटात दडवला जातो आणि जिची तपासणी वेळेवर सुरू करता आली असती, तिलाच काही कळत नाही. सही घेण्याआधी अर्धा तास बसून हे समजावणारा समुपदेशक असल्याखेरीज अशी तपासणी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खर्चाबद्दल. एका जनुकाची चाचणी काही हजारांत होते, तर मोठे पॅनेल लाखाच्या घरात जाते. केंद्र सरकारने जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात ओसिमर्टिनिब, ट्रॅस्टुझुमॅब डेरुक्स्टेकॅन आणि ड्युर्व्हॅलुमॅब या तीन औषधांवरील सीमाशुल्क माफ केले, ही चांगली गोष्ट झाली. पण यांतल्या पहिल्या दोन औषधांचा रुग्ण गाठीच्या तपासणीनेच ठरतो. तेव्हा औषध स्वस्त करायचे आणि ते कोणाला द्यायचे हे सांगणारी चाचणी मात्र रुग्णाच्या खिशावर सोडायची, याला अर्थ नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत शस्त्रक्रिया, केमो आणि किरणोपचार यांची पॅकेजे आहेत. त्यांच्या जोडीला, ज्या चाचण्यांनी उपचार खरोखर बदलतो अशा थोड्या चाचण्या, म्हणजे फुप्फुसासाठी ईजीएफआर आणि एएलके, स्तनासाठी एचईआर-2, आतड्यासाठी आरएएस (केआरएएस आणि त्याच्याच कुळातील जनुके) व चार प्रथिनांची आयएचसी आणि बीजाशयासाठी बीआरसीए, यांची स्वतंत्र पॅकेजे दरासह जाहीर असावीत आणि ती बायोप्सीच्या टप्प्यावरच मिळावीत. देशभरातील कर्करोग रुग्णालयांना जोडणाऱ्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने औषधांची एकत्रित खरेदी करून दर खाली आणून दाखवले आहेत. चाचण्यांच्या बाबतीतही असे का होऊ नये? पाचशे जनुकांचे पॅनेल ज्याला परवडते त्याने तज्ज्ञांच्या सल्ल्याने जरूर करावे, पण सरकारी पैसा आधी या थोड्या चाचण्यांवर खर्च व्हावा.

अहवालाच्या भाषेबद्दलही बोलले पाहिजे. वीस-तीस पानांच्या इंग्रजी अहवालात ‘महत्त्व अनिश्चित असलेले बदल’ अशी एक लांबलचक यादी असते. ती उपचार ठरवण्यासाठी नसते, पण घरच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने मोबाइलवर एकेक नाव शोधून रात्रभर घाबरून बसावे, एवढी ती भारदस्त दिसते. कोणता बदल सापडला, त्यावर औषध आहे का, ते या अवयवाच्या कर्करोगासाठी मंजूर आहे का, आणि घरच्यांची तपासणी लागेल का, एवढ्या चार गोष्टी एका पानावर मराठीत लिहून देणे कोणत्याही प्रयोगशाळेला अवघड नाही.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच म्हसरूळला आहे आणि राज्यभरातील वैद्यकीय व परिचर्या महाविद्यालये त्याच्याशी संलग्न आहेत. बायोप्सीचा नमुना कसा ठेवायचा, याचा अर्ध्या दिवसाचा प्रात्यक्षिक वर्ग शस्त्रक्रियागृहातील परिचारिका आणि सहायकांसाठी त्याने सुरू करावा. जिल्हा रुग्णालयाने आणि मालेगाव, कळवण, येवला, इगतपुरीकडच्या सरकारी इस्पितळांनी तयार बफर फॉर्मालिनच्या रुंद तोंडाच्या बाटल्या ठेवाव्यात आणि बाटलीवर तुकडा कधी काढला व द्रावणात कधी टाकला, या दोन वेळा लिहिण्याचा रकाना छापून घ्यावा. खासगी नर्सिंग होमपर्यंत ही सूचना पोहोचवण्याचे काम इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नाशिक शाखेला सहज करता येईल. अशी एक पानी सूचना मराठीत लिहून देण्याची, आणि कोणी बोलावले तर वर्गात येऊन तुकडा कसा कापायचा व बाटली कशी भरायची हे करून दाखवण्याची माझी तयारी आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
इंदिरानगर, नाशिक